तोट्याची गोष्ट घरात कशी निघते : उद्योजकाचा चिवटपणा कुठून येतो

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत एखादा छोटा कारखाना बंद पडला की त्याची कारणं चहाच्या टपरीवर लगेच मिळतात. मोठ्या कंपनीने ऑर्डर काढून घेतली, पेमेंट अडकलं, बँकेने सीसी (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा) वाढवून दिली नाही, भागीदार फिरला. ही कारणं बहुतेक वेळा खरीच असतात. पण त्याच गल्लीत, त्याच कंपनीचं जॉबवर्क करणारा आणि तेवढाच अडकलेला दुसरा एक जण दोन-तीन वर्षांनी पुन्हा मशीन लावताना दिसतो. हातातलं काम दोघांनाही सारखंच येत असतं. मग एक जण सावरतो आणि दुसरा हाय खातो, हे कशामुळे?

‘तो मुळातच चिवट आहे’ असं म्हटलं की विषय संपतो. मला ते उत्तर पटत नाही. मी लहान कारखान्यांचे आणि काही द्राक्ष बागायतदारांचे हिशेब बघते. या कामात माणसाची वही जेवढी दिसते तेवढंच त्याचं घरही दिसतं, कारण बऱ्याचशा वह्या अजून घरातल्या कपाटातच असतात. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. धंद्यातला चिवटपणा घडवण्यात घराचा वाटा मोठा असतो. त्यातही शिस्त, काटकसर, पहाटे उठणं यापेक्षा एका गोष्टीचा जास्त : घरात तोट्याबद्दल काय आणि कसं बोललं जातं. मानसशास्त्रात आणि अर्थशास्त्रात यावर बरंच काम झालं आहे. ते नाशिकच्या धंद्यांना लावून बघू.

आधी चिवटपणा कशाला म्हणायचं ते ठरवू. फटका बसल्यावर वाईट वाटणं, झोप उडणं, चिडचिड होणं हे सगळं चिवट माणसालाही होतं. फरक असा की त्याचं डोकं त्यातही चालू राहतं. परिस्थिती बघून तो निर्णय घेऊ शकतो, आणि हा निर्णय कधीकधी धंदा बंद करण्याचाही असतो. तोट्यातलं युनिट खासगी सावकाराकडून तीन-चार टक्के महिन्याने पैसे उचलून पाच वर्षं ओढणाऱ्याला आपण जिद्दी म्हणतो. मी त्याला चिवट म्हणणार नाही. वेळेवर शटर ओढून, देणी मिटवून, वर्षभर नोकरी करून पुन्हा उभा राहणारा जास्त चिवट.

एक माणूस पुरतो

हे बळ लहानपणी कसं तयार होतं, याचा एक प्रसिद्ध, दीर्घ अभ्यास हवाईमधल्या काउआई नावाच्या बेटावर झाला. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघी संशोधकांनी १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा जन्मापासून घेतला, तो मुलं चाळिशीला येईपर्यंत. त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं जोखमीच्या परिस्थितीत वाढत होती : गरिबी, जन्माच्या वेळचे त्रास, घरात भांडणं, दारू किंवा मानसिक आजार. अशा मुलांचं पुढे वाईटच होणार, असं कोणीही म्हटलं असतं. पण त्यांच्यातलीही सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली सावरली. शिकली, कामाला लागली, त्यांनी संसार नीट केले.

त्यांच्यात सारखं काय होतं? घरात किंवा घराच्या आसपास एक तरी मोठं माणूस असं होतं, जे मुलासाठी कायम हजर होतं. ते आईवडीलच असतील असं नाही. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कोणीही चाललं. दुसरं म्हणजे या मुलांवर घरातली खरीखुरी जबाबदारी होती, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासारखी. आणि तिसरं, आपल्या करण्याने काहीतरी बदलतं असा त्यांचा विश्वास होता.

मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन मास्टन यांनी अशा अनेक अभ्यासांचा आढावा २००१ मध्ये घेतला. चिवटपणासाठी असामान्य गुण लागत नाहीत. सावरण्याची ताकद अगदी साध्या, रोजच्या गोष्टींतून येते, असा त्याचा निष्कर्ष होता. आपण यशस्वी उद्योजकांच्या मुलाखतींत नेमकं उलटं शोधत बसतो. वडील वारले, घर गहाण पडलं, उपाशी दिवस काढले, हे ऐकून टाळ्या वाजवतो. ज्या मामाने त्या काळात दर रविवारी घरी येऊन विचारपूस केली, त्याचं नाव मुलाखतीत येतही नाही.

हतबलता शिकावी लागत नाही

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांचे १९६७ चे प्रयोग प्रसिद्ध आहेत. काही केलं तरी विजेचा झटका थांबवता येत नाही, अशा परिस्थितीत ठेवलेली कुत्री नंतर सुटका शक्य असतानाही धडपड करेनात. प्राणी हतबल व्हायला ‘शिकतो’, असा अर्थ तेव्हा लावला गेला. मात्र २०१६ मध्ये याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपला अर्थ उलटा फिरवला. दीर्घकाळ त्रास झाला की गप्प बसून राहणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट : माझ्या हातात काहीतरी आहे, ही जाणीव.

मुलाला ही जाणीव शिकवण्याची पहिली जागा घर. नुकसान झालं की घरातली मोठी माणसं त्याची कारणं बोलून दाखवतात आणि मूल ती ऐकत असतं. सेलिगमन यांच्या मांडणीप्रमाणे प्रत्येक कारणात तीन प्रश्नांची उत्तरं दडलेली असतात. हे किती काळ टिकणार? याचा परिणाम किती दूर जाणार? आणि हे कोणामुळे झालं? ‘आपलं नशीबच फुटकं’ या वाक्यात तिन्ही उत्तरं येतात : कायम, सगळीकडे आणि आपल्यामुळे. ज्या घरात वर्षानुवर्षं हेच वाक्य ऐकू येतं, तिथल्या मुलाला पुढे पहिलाच चेक बाउन्स झाला की तेच वाक्य आठवतं.

नाशिकला याचं एक मोठं उदाहरण घडून गेलं आहे. २०१० मध्ये युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. वेलीची वाढ रोखायला वापरतात ते हे औषध. बागायतदार त्याला ‘लिहोसिन’ म्हणून ओळखतात. कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले आणि निर्यातदारांचं, शेतकऱ्यांचं जबर नुकसान झालं. निफाड-दिंडोरीकडच्या कित्येक घरांत त्या उन्हाळ्यात दुसरा विषय नव्हता. माल स्वतःच्या हाताने पिकवलेला, दिसायला सुरेख, साखर उतरलेली, आणि तरी नाकारला गेलेला. अशा वेळी ‘युरोपवाल्यांनी मुद्दाम केलं’ म्हणणं सोपं होतं आणि ‘निर्यातीचा नाद आपल्यासारख्याचा नाही’ म्हणणंही सोपं होतं. काही घरांत मात्र वेगळी चौकशी झाली. कोणतं औषध कधी मारलं, कोणाच्या सांगण्यावरून मारलं, तपासणीच्या यादीत ते होतं का, पुढच्या छाटणीला काय बदलायचं. त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत द्राक्ष उत्पादकांच्या कंपन्या जिल्ह्यात उभ्या राहिल्या आणि वाढल्या. मोहाडीची सह्याद्री फार्म्स त्यातली सगळ्यांत ठळक. फवारणीची नोंदवही आज निर्यातदाराच्या घरात हिशेबाच्या वहीइतकीच जपली जाते.

आता एक घर जवळून बघू. अंबडमधलं एक वर्कशॉप, दोन व्हीएमसी आणि एक सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे धातू कापणारी, संगणकावर चालणारी मशीन. मार्चअखेरची कागदपत्रं घ्यायला मी मालकांच्या घरी गेले होते. त्याच दिवशी कंपनीकडून बुशचा (मधे भोक असलेल्या धातूच्या गोल भागांचा) एक अख्खा लॉट रिजेक्ट होऊन आला होता. मालकांनी एक बुश आणि व्हर्निअर जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. नववीतल्या मुलीने बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास मोजला, रीडिंग मोठ्याने वाचलं आणि ड्रॉइंगवरच्या आकड्याशी ताडून बघितलं.

“मोठा झालाय ना पप्पा? मग थोडा लहान करायचा.”

“लहान करता येत नाही बाळा. लहान राहिला असता तर आणखी कापून दुरुस्त केला असता. मोठा झाला की भंगार.”

“कोणी केलं?”

मालकांनी नीट सांगितलं. टूलचं इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजत जातं तसा बोअर लहान येऊ लागतो, म्हणून ऑपरेटर मशीनला थोडा थोडा ऑफसेट देत जातो, म्हणजे टूल किंचित पुढे सरकवत जातो. रात्रपाळीच्या मुलाने नवं इन्सर्ट बसवलं, पण आधीचा ऑफसेट काढला नाही. त्यामुळे पुढचे सगळे बोअर मोठे झाले.

आतून त्यांच्या मिसेस म्हणाल्या, “त्या पोराला काढू नका हं लगेच. त्याला कोणी हे लिहून दिलं होतं का?”

“नव्हतं दिलं,” मालक म्हणाले. “उद्या मशीनवर चिकटवतो. इन्सर्ट बदललं की पहिला पीस तपासल्याशिवाय दुसरा लावायचा नाही.”

मुलीचा पुढचा प्रश्न खरा महत्त्वाचा होता. “मग माझ्या क्लासची फी?”

“ती भरलीय. दिवाळीत गाडी बदलायची होती, ती पुढच्या वर्षी.”

एवढंच बोलणं झालं, मग जेवणाची पानं घेतली. त्या मुलीला काय काय कळलं ते बघा. तोट्याला आकडा असतो. त्याला कारण असतं, आणि ते शोधता येतं. त्याची झळ कुठवर पोचणार आणि कुठे पोचणार नाही हे घरातलं मोठं माणूस सांगू शकतं. चूक करणाऱ्या पोराची नोकरी एका चुकीसाठी जात नाही. यातलं काहीही तिला कोणी उपदेश म्हणून सांगितलं नाही.

याच्या उलट घरंही मी बघितली आहेत. तिथे फोन आला की वडील बाल्कनीत जातात, दार लोटून घेतात. आई डोळ्यांनी खुणावते. मुलांना ‘तुम्ही अभ्यास करा’ एवढंच सांगितलं जातं. हेतू चांगला असतो, मुलांना त्रास नको. पण मुलांना सगळं जाणवत असतं. फक्त किती, का आणि कुठवर हे कळत नाही. आकडा माहीत नसलेली भीती आकडा माहीत असलेल्या भीतीपेक्षा मोठी होते. शिवाय एक धडा पक्का बसतो, की तोटा ही लपवायची गोष्ट आहे. पुढे हेच मूल धंद्यात पडतं तेव्हा भागीदारापासून, बायकोपासून, बँकेपासून आकडे लपवतं. माझ्याकडे येतं तेव्हा तीन तिमाहींचं जीएसटी रिटर्न थकलेलं असतं.

कौतुकाचाही इथे संबंध येतो. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग आहेत. सोप्या कोड्यांनंतर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटलं. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना अडवलं. हुशारीचं कौतुक झालेल्या मुलांचा उत्साह गेला आणि नंतरच्या सोप्या कोड्यांतही त्यांची कामगिरी घसरली. आपल्याला मिळालेले गुण दुसऱ्यांना वाढवून सांगणारी मुलंही त्यांच्यात जास्त निघाली. ‘आमचा बंड्या म्हणजे बिझनेस माइंड’ असं चारचौघांत म्हणणाऱ्या पालकांनी हा शेवटचा भाग दोनदा वाचावा. ज्याची ओळखच हुशारीवर उभी आहे, त्याला तोटा कबूल करणं फार जड जातं.

काम खरं हवं, सोबतही हवी

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की ‘मला हे जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो. स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या कोणाला तरी करताना बघणं, कोणीतरी धीर देणं, आणि ताणाच्या वेळी स्वतःच्या शरीराची धडधड नीट ओळखता येणं. यात पहिली वाट सगळ्यात भक्कम. भाषणं तिसऱ्या वाटेत येतात, आणि आपण घरात बहुतेक वेळ त्याच वाटेवर घालवतो.

द्राक्षाच्या घरातल्या मुलांना पहिली वाट आपोआप मिळते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मजुरांची हजेरी कोणी मांडायची, डिपिंगच्या (घड औषधाच्या पाण्यात बुडवण्याच्या) दिवशी पाण्याचा टँकर आला का कोणी बघायचं, खुडणीच्या वेळी क्रेट कोणी मोजायचे, ही कामं आठवी-नववीतल्या पोरांकडे असतात. ही कामं खोटी नसतात. हजेरी चुकली तर शनिवारी कोणाचे तरी पैसे कमी पडतात आणि ते माणूस दारात येऊन उभं राहतं. अशा कामातून आलेला विश्वास मोटिव्हेशनच्या सेमिनारमधून येत नाही.

पण किती सोडायचं आणि किती धरायचं? गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या कमरेला दोर बांधतात. पोराला पाण्यात ढकलतात, नाकातोंडात पाणी जाऊ देतात, पण दोराचं टोक काकाच्या हातात असतं, आणि महिनाभरात तो दोर ढिला होत जातो. डायना बाउमरिंड यांनी १९६० च्या दशकात लहान मुलांच्या घरांचा अभ्यास करून पालकांच्या तऱ्हा सांगितल्या, त्यातली सर्वांत फळणारी तऱ्हा हीच आहे. अपेक्षा ठाम, नियम स्पष्ट, पण माया उघड आणि मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याची तयारी. नुसता धाक असलेल्या घरातली मुलं आज्ञाधारक होतात, पण स्वतः निर्णय घ्यायची वेळ आली की कोणाच्या तरी तोंडाकडे बघतात. नुसते लाड असलेल्या घरातल्या मुलांना ‘नाही’ ऐकायची सवय नसते, आणि धंद्यात पहिली दोन वर्षं ‘नाही’ हाच शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो.

‘आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो’ असं अभिमानाने म्हणणारी एक पिढी आपल्याकडे आहे. मला त्यांच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण हे कारण चुकीचं आहे. मार्क सीरी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या नमुन्यावर तपासलं की आयुष्यात किती संकटं आली आणि माणूस आज कसा आहे. ज्यांनी काहीच सोसलं नव्हतं त्यांच्यापेक्षा थोडंफार सोसलेले बरे होते. पण फार सोसलेल्यांची अवस्था थोडंफार सोसलेल्यांपेक्षा वाईट होती. संकटाचीही एक मात्रा असते, आणि मुलासाठी मुद्दाम संकट निर्माण करायची गरज नाशिकमध्ये तरी नाही. अवकाळी पाऊस आहे, लासलगावचा कांद्याचा भाव आहे, अधूनमधून येणारी निर्यातबंदी आहे, थकलेली बिलं आहेत.

घराण्याच्या गोष्टी

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात रॉबिन फिवुश आणि मार्शल ड्यूक यांनी मुलांसाठी वीस प्रश्नांची एक यादी केली. आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडील कसे भेटले, घरात कोणावर कोणतं संकट आलं होतं, असे प्रश्न. ज्यांना जास्त उत्तरं माहीत होती, त्या मुलांचा आत्मविश्वास आणि आयुष्यावर आपला ताबा असल्याची भावना जास्त होती. गोष्टी सांगितल्या म्हणूनच हे झालं असं यावरून सिद्ध होत नाही. गोष्टी सांगणारी घरं एरवीही बोलकी असतात. तरीही गोष्टीचा प्रकार महत्त्वाचा आहे. ‘आपण शून्यातून वर आलो’ किंवा ‘आपलं सगळं गेलं’ यांपेक्षा ‘वर आलो, पडलो, पुन्हा सावरलो’ ही गोष्ट मुलाला जास्त उपयोगी पडते.

गोदाकाठच्या जुन्या व्यापारी घरांकडे अशा गोष्टींचा साठा आहे. सराफ बाजार, भांडी बाजार या भागात १९६९ चा पूर आजही तारखेसारखा वापरतात. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावरून दुकानातला माल वर चढवायचा की नाही हे ठरतं. २००८, २०१६, २०१९, प्रत्येक पुराची एक गोष्ट आहे. पाणी कुठल्या फळीपर्यंत आलं, कोणाच्या गाळ्यातून कोणी गाळ उपसला, कोणत्या घाऊक व्यापाऱ्याने ‘पैसे सावकाश द्या’ म्हणून माल पाठवला. ही नावानिशी सांगितलेली उधारी फार मोलाची. मुलाला त्यातून कळतं की संकटात कोणाचं दार वाजवायचं.

एक गोष्ट अख्ख्या नाशिकच्या मालकीची आहे. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. घरच्या परंपरेने मुलगा शास्त्री व्हायचा, पण त्याला १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाऊ दिलं. पुढे फाळक्यांनी छपाईचा धंदा उभा केला आणि भागीदारांशी बिनसल्यावर तो सोडला. चाळिशीत, हातात काही नसताना, सिनेमाचं वेड घेतलं. प्रयोगांच्या नादात काही काळ दृष्टी गेली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले, सगळ्या चमूचा स्वयंपाक केला आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडण्याचं कामही शिकून घेतलं. १९१३ मध्ये चित्रपट पडद्यावर आला आणि लवकरच फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला.

पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळक्यांचं स्मारक आहे. ही गोष्ट मुलांना सांगताना दोन गोष्टी गाळू नयेत. वडिलांनी दिलेली मोकळीक जेवढी कामाला आली, तेवढंच चाळिशीत सोबत असलेलं सरस्वतीबाईंचं घर कामाला आलं. आणि एवढा चिवट माणूस १९४४ मध्ये नाशिकलाच गेला तेव्हा त्याच्याकडे फारसं काही उरलं नव्हतं. चिवटपणा आणि पैसा यांचा हिशेब दर वेळी जुळत नाही.

जमिनीचं श्रेय संस्कारांना देऊ नये

इथे मला एक खबरदारी मांडायची आहे. पडून पुन्हा उभ्या राहिलेल्या प्रत्येकाच्या मागे संस्कार असतात, असं म्हणण्याचा मोह होतो. पण ज्याच्याकडे गंगापूर रोडला वडिलोपार्जित प्लॉट आहे, तो दुसऱ्यांदा पडला तरी तिसऱ्यांदा उभा राहतो. ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वाल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ब्रिटनच्या आकडेवारीवरून दाखवलं की वारशाने किंवा भेट म्हणून पैसे मिळालेले लोक स्वतःचा धंदा जास्त प्रमाणात सुरू करतात. भूमिहीन मजुराच्या मुलाने एकदा तोटा सोसून नोकरी धरली, तर तो कमी चिवट ठरत नाही.

मग मुलाला कसं वाढवलं याचा वाटा वेगळा काढता येतो का? स्वीडनमध्ये २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला दत्तक मुलांचा एक अभ्यास आहे. आईवडील उद्योजक असतील तर मूल उद्योजक होण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. जन्म देणाऱ्यांचा आणि वाढवणाऱ्यांचा वाटा वेगळा केल्यावर, जन्मानंतरच्या गोष्टींचा वाटा जन्माआधीच्या गोष्टींच्या दुप्पट निघाला. ‘धंदा रक्तातच असावा लागतो’ या वाक्याला एवढं स्पष्ट उत्तर दुसरं नाही.

आणि सगळा भार माणसाच्या मनावर टाकणंही अन्यायाचं आहे. पेमेंट थकणं हा चिवटपणाचा प्रश्न नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. २०२३-२४ पासून प्राप्तिकरातही असं आहे की या मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी वजा मिळतो. उद्यम नोंदणी करून बिलावर तो क्रमांक टाकणं हे दहा मिनिटांचं काम आहे.

गप्प बसणाऱ्या पुरुषांबद्दल

ज्या घरात ‘पुरुषाने रडायचं नाही, घरी सांगायचं नाही’ एवढाच संस्कार असतो, तिथे चिवटपणाच्या नावाखाली धोका वाढत असतो. कर्जाच्या बोजाखाली जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या घरी अनेकदा नंतर कळतं की बऱ्याचशा उसनवारीची घरात कोणाला कल्पनाच नव्हती.

उद्योजकतेचे अभ्यासक डीन शेफर्ड यांनी २००३ मध्ये मांडलं की धंदा बुडण्याचं दुःख हे जवळचं माणूस गेल्याच्या दुःखासारखंच असतं, आणि त्यातून सावरायला दोन्ही लागतं : काही वेळ झालेल्या गोष्टीचा विचार, काही वेळ त्यापासून लांब जाऊन बाकीची कामं उरकणं. फक्त विचार करत राहिलं तर माणूस त्यात बुडतो. कधीच केला नाही तर शिकत नाही. म्हणून घरच्यांनी धंदा बंद झालेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ‘आता पुढे काय?’ विचारू नये, आणि सहा महिने तो विषय टाळूही नये. गारपिटीनंतर बागेकडे न फिरकणाऱ्या माणसाला सोबत घेऊन बागेत एक चक्कर मारणं हे औषधाइतकं मोलाचं असतं. आणि बोलणं घरात शक्यच नसेल, तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मिळते.

मुलींबद्दल एक तक्रार आहे, ती इथेच मांडते. क्रेट मोजायला, बँकेत स्लिप भरायला मुलाला पाठवतात. मुलीला ‘तिचं लग्न होणार’ म्हणून हिशेबापासून लांब ठेवतात. तीच मुलगी पुढे नवऱ्याच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही करते, आणि कागदावर काय लिहिलंय हे तिला कोणी वाचून दाखवलेलं नसतं.

नोकरदार घरातून आलेल्यांचं काय?

नाशिकमधले अर्धे वर्कशॉपवाले बहुधा नोकरदार घरांतलेच असतील. वडील ओझरला एचएएलमध्ये, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये किंवा सातपूरच्या मोठ्या कंपनीत. घरात दर महिन्याला पगार आला, तोट्याचं बोलणं कधी झालंच नाही. अशा घरांनी दुसरं काही दिलेलं असतं : वेळेवर कामाला जाणं, ड्रॉइंगप्रमाणे काम करणं, दिलेला शब्द पाळणं. फक्त अनिश्चित उत्पन्नाची सवय नसते. पहिल्यांदा दोन महिने पैसे आले नाहीत की त्यांना आपण बुडालो असं वाटतं, जेव्हा शेजारचा गाळेवाला त्याला नेहमीची ओढाताण म्हणत असतो.

काउआईच्या अभ्यासाचा पुढचा भाग या लोकांसाठी आहे. विशीच्या आत भरकटलेली त्यातली बरीच मुलं तिशी-चाळिशीत सावरली. कोणाला समजूतदार जोडीदार मिळाला, कोणी पुन्हा शिकलं, कोणी सैन्यात गेलं, कोणाला एखाद्या धार्मिक समूहात आधार मिळाला. लहानपणी न मिळालेलं ते माणूस पुढेही भेटू शकतं. औद्योगिक वसाहतीत ते बहुतेक वेळा शेजारच्या गाळ्यातला जुना मालक असतो. त्याने १९९० च्या दशकातली मंदी बघितलेली असते, करोनातला बंद बघितलेला असतो. नव्या पोराने त्याच्याकडे संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर जावं आणि थेट विचारावं : काका, तुमचं सगळ्यात जास्त पेमेंट कधी अडकलं होतं, आणि त्या महिन्यात पगार कुठून केले? बहुतेक काका या प्रश्नाचं उत्तर आकड्यांसकट देतात. त्यांना हे कोणी विचारलेलंच नसतं.